जिन्याला दोन्हीकडून कठडा

भोकरदन
१० नोव्हेंबर १९७४

दादा, जयभीम.

खुशाली विचारायची रीत आहे, पण तू तिकडे खुशाल असणारच, म्हणून मी इकडचीच सांगते. या निळ्या हवाई पत्रात जागा थोडी आणि माझी जीभ लांब. तेव्हा आधी कामाचं लिहिते, भांडण उरलेल्या जागेत करते.

माय आजारी आहे. तिच्या पोटात गाठ आहे. उन्हाळ्यापासून दुखत होतं, पण तिनं ओवा चावत दिवस काढले आणि मला शाळेतून घरी आल्यावर तिच्या तोंडाकडे नीट बघायला सवड नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत तिला औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, गाठ पसरली आहे, आता चिरफाड करण्यात अर्थ नाही, घरी न्या आणि मागतील ते खायला घाला. उन्हाळा बघतील का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली ती नाही म्हणूनच.

हे वाचताना तुझ्या कपाळावर आठी पडली असेल. पडू दे. तुझ्या बाजूनं एकदा सगळं मीच मांडते, म्हणजे मी विसरले असं तुला वाटायला नको. चार वर्षं होत आली. माय तीर्थपुरीला तातेराव मामाकडे गेली होती आणि तिथं अंगणात तिच्या डोक्यावर कावळा बसला म्हणे. आपल्या लोकांची ती जुनी समजूत, कावळा शिवला की माणूस जातं. मग ते माणूस मेल्याची खोटी बातमी नातलगांना धाडायची. ते रडले की मरण टळतं, आणि मागून खरं काय ते कळवायचं. मामानं सगळीकडे निरोप धाडले आणि तुला तार केली, आई वारली, निघून ये. मी तेव्हा औरंगाबादला डी.एड. करत होते, मीही रडत निघाले. पण मला रडायला एसटीचं तिकीट पुरलं, तुला विमानाचं काढावं लागलं.

इंग्लंडहून तू इथं दारात आलास तर माय सुपात तूर पाखडत बसलेली. तू तिच्या गळ्यात पडून असा रडलास की शेजारची द्वारकाबाई तव्यावरची भाकर सोडून धावत आली. मग कोणीतरी तुला कावळ्याचं सांगितलं. "दीक्षा घेतली, देव सोडले, आन् कावळा तेवढा ठिवला व्हय गं?" एवढंच तू मायला बोललास. तिनं वाढलेलं ताट तसंच राहिलं आणि तू परतीची एसटी धरलीस. तिकडे पोचलास तर तुझा जिना साहेबांनी दुसऱ्याच्या हवाली केलेला.

त्या जिन्याचं दुःख मला कळतं. तूच मला लिहिलं होतंस की विमानानं फिरणारी माणसं दर वर्षी इतकी वाढताहेत की विमानतळावर उतरायला विमानांना आभाळात ताटकळावं लागतं. म्हणून तुमच्या कंपनीला दोन मजल्यांचं, पाच-सहाशे माणसं एका दमात नेणारं विमान काढायचं आहे. बाकीच्यांना पंख आणि इंजिनं मिळाली. तुझ्या वाट्याला आलं ते एवढंच, की काही बिनसलं तर वरच्या मजल्यावरची माणसं खाली कशी उतरवायची. तू सरळ जिना काढला होतास. तू इकडे आलास तेवढ्यात दुसऱ्यानं तो गोल केला, दिसायला छान म्हणून. तो पुन्हा सरळ करून घेण्यात तुझी इतकी वर्षं गेली आणि त्या रागात तू मायला एक ओळ लिहिली नाहीस. तुझी पत्रं माझ्याच नावानं येतात. माय ती माझ्या तोंडून ऐकते आणि शेवटी विचारते, "माझ्यासाठी काही?"

या वेळेला कावळा नाही, दादा. ये.

तुझी
कौसल्या


भोकरदन
८ डिसेंबर १९७४

दादा,

तुझं पत्र मिळालं. मायबद्दल त्यात एकच ओळ, या वेळेला कावळा कुठून आला? ती वाचून पत्र चुलीत घालणार होते, पण माय समोर बसलेली आणि तिनं पाकीट पाहिलेलं. मग ती ओळ गाळून बाकीचं सगळं तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. शाळेत पोरींना धडा शिकवताना नको तो परिच्छेद गाळायची सवय आहे मला, तिला काही कळलं नाही.

तुमच्या त्या लाकडी विमानाचं ऐकून ती हरखली. खऱ्या मापाचं, दोन मजल्यांचं, सुतारांनी बांधलेलं, आणि उडायचं मात्र नाही! तिनं मला दोनदा वाचायला लावलं. फेब्रुवारीत त्यात तुमच्या गावची माणसं बसवणार, दिवे घालवणार आणि सगळ्यांना म्हणणार, पळा बाहेर. पेट्रोल महागल्यापासून कंपनीचे मालक आधीच डळमळीत झालेत, आणि त्या दिवशी माणसं जिन्यात अडकली तर हे विमान कागदावरच मरेल, असं तू लिहिलंस. म्हणून त्याआधी जागचं हलता येणार नाही. मला हे कळतं. कळतं म्हणूनच जास्त राग येतो.

मायचं बोलणं जसंच्या तसं लिहिते. "आपल्या घराला जिना न्हाई, आन् माझं पोर इमानात जिना करून राह्यलं." हे तिनं द्वारकाबाईला ऐकवलं, पाणी भरायला येणाऱ्या बायांना ऐकवलं, आणि ज्यांना ऐकवायचं राहिलं त्यांना हाका मारून बोलावलं. मग म्हणाली, "त्याला लिव्ह, आपल्या एसटीवानी एकच दार ठिवू नको म्हणावं. रुमाल टाकत्यात, खिडकीतनं पोरं ढकलत्यात, आन् म्हातारी मानसं खालीच ऱ्हात्यात."

आणखी एक. औरंगाबादच्या दवाखान्यात तपासायचं वरच्या मजल्यावर होतं. जिन्याच्या एका अंगाला कठडा, दुसऱ्या अंगाला नुसती भिंत. उतरणाऱ्यांनी कठडा धरलेला, म्हणून माय भिंतीवर तळवा टेकत चढली आणि मधेच पायरीवर बसली. उठायला मी हात दिला तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "देवानंदाला इचार, त्याच्या जिन्याला दोन्हीकून धरायला हाय का?" तेवढं मात्र नक्की कळव.

आता मला एक सांग, तुला पटावं म्हणून मी काय करू? डॉक्टरांची चिठ्ठी धाडली तर म्हणशील, मामाच्या ओळखीचा कोणी असेल. फोटो धाडला तर म्हणशील, माय आधीपासूनच काटकुळी. शपथ घेऊ तर आपण देव सोडलेले. माझ्याजवळ माझ्या शब्दाशिवाय काही नाही, आणि आपल्या घरच्या शब्दाची पत तुझ्याकडे उरली नाही. ती मी घालवलेली नाही, एवढं तरी लक्षात घे.

कौसल्या


भोकरदन
५ जानेवारी १९७५

दादा,

तू माझ्यावर पोलीस लावलास तर! मला न सांगता मामाला पत्र टाकून विचारलंस की मायची तब्येत खरंच कशी आहे. आणि मामानं उत्तर दिलं, बहीण ठणठणीत आहे, काळजी नसावी. वर तू मला लिहितोस, "कौसे, तू मामाच्याही वरचढ निघालीस." हे वाचलं त्या दिवशी मी वर्गात विनाकारण दोन पोरींना रागावले.

परवा मामा मायला बघायला आला, धोतराच्या सोग्यात बोरं बांधून. मी त्याला अंगणातच अडवलं.

"मामा, दादाला काय लिवलं तुम्ही?"

"चांगलंच लिवलं."

"माय ठणठणीत हाय? ती आत पडलीय, तिला कूस बदलता येईना."

मामा बोरांची गाठ सोडत बसला. सुटेना. मग म्हणाला, "तेवढ्या दूर एकलं पोर, कौसल्या. जवळ बिलकुल कोणी न्हाई. त्याला कामून घोर लावायचा? एकडाव माझ्या तारेनं त्याचं वाटोळं झालं. तव्हाच मी कानाला खडा लावला, त्याला आता वंगाळ काही कळवायचं न्हाई म्हून."

"आवो, पण खरं तर कळवा!"

"खरं वंगाळच हाय ना बाई," असं म्हणून मामा रडायला लागला. एवढा धिप्पाड माणूस, बोरं सगळी मातीत सांडली. मला त्याच्यावर ओरडायचं होतं ते राहून गेलं. एवढ्या लांब एकट्या माणसाला वाईट बातमी कळवू नये, ही आपल्या लोकांची माया. त्या मायेनंच मला तुझ्यापुढे खोटी पाडलं. मी त्याला कागद दिला आणि समोर बसवून लिहून घेतलं. खालच्या चार वाकड्या ओळी त्याच्या हातच्या आहेत. अक्षर तू ओळखशील.

माय आता भाकर खात नाही. ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज घेते, तीही मी शाळेला जायच्या आधी दोन घोट आणि आल्यावर दोन घोट. मधल्या वेळी द्वारकाबाई बसते. बोरं मात्र तिनं मागितली. धुऊन एक तोंडात ठेवलं, चोखलं आणि म्हणाली, "देवानंदाला तीर्थपुरीची बोरं लई आवडायची." तुला बोरं कधी आवडत होती? ती मला आवडतात. मी दुसरं बोर धुऊन तिच्या हातात ठेवलं.

कठड्याचं तू अजून कळवलं नाहीस.

कौसल्या

(चि. देवानंद यास तातेरावचा जयभीम. मागल्या पत्रात मी खोटं लिवलं. तुझी माय लई थकली. तू जल्दी ये. माझ्यावर राग धर पण ये.)


भोकरदन
२ फेब्रुवारी १९७५

दादा,

"मामाच्या एका पत्रात माय ठणठणीत, दुसऱ्यात मरणाला टेकलेली. तुम्ही आधी आपसांत ठरवा, मग मला कळवा." हे तुझं उत्तर. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं, म्हणून आज भांडत नाही. आज मायनं जे सांगितलं ते लिहिते.

दुपारी तिला बाहेर उन्हात आणून निजवलं होतं. मी तिचे पाय दाबत होते. पाय आता माझ्या मनगटाएवढे झालेत. कुंपणावर एक कावळा ओरडत होता, मी त्याला हाकलायला उठले. माय म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्यानं काय केलं?" मग डोळे मिटून म्हणाली, "तव्हाबी त्यानं काही केलं न्हवतं. माझ्या डोक्यावर कोणी बसलं न्हाई, कौसे."

मला आधी वाटलं, बरळते आहे.

"चार वर्सं झाल्ती त्याला पाहून. हर पत्रात पुढल्या साली येतो, पुढल्या साली येतो. साध्या बोलावण्यानं आला असता का? मंग मी तातेरावला म्हनलं, कावळा बसला. त्यो बिचारा पळतच गेला तार कराया. आन् माय बरी हाय म्हून दुसरी तार करायची, ती मीच थांबवली. म्हनलं, उद्या कर. त्यो निंगून तर येऊ दे."

मामाला चार वर्षं मीही मनातल्या मनात बोल लावले होते. तो आजही त्या कावळ्यावर विश्वास ठेवून आहे.

माय पुढे म्हणाली, "त्यो गळ्यात पडला ना माझ्या, तसा लहानपणी ताप आल्ता तव्हाच बिलगला व्हता. मंग चिडून गेला, जाऊ दे. पण तेवढं मला मिळालं. मी ते पुरवून पुरवून खाल्लं बाई."

हे ती हसत सांगत होती, दादा. आपण तिला किती थोडं दिलं ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं, आणि तेवढ्यासाठीही तिला स्वतःचं मरण मांडावं लागलं.

तिनं माझ्याकडून वचन घेतलं आहे. तुला आता बोलवायचं नाही. "माझ्यापाई एकडाव त्याचा जिना गेला. मी मेले तरी तार करू नको. त्याची मानसं बराबर उतरून होऊ दे, मंग सांग." मी हो म्हटलं आणि हे पत्र लिहायला बसले. तिला दिलेला शब्द मी पाळणार नाही, हे तुला आधीच सांगून ठेवते.

तिच्या उशाशी मी असते आणि ती वाट तुझी बघते. याचंही मला दुःख होतं, सांगून टाकते. त्या विमानावर तर माझा इतका राग आहे की तू धाडलेलं त्याचं चित्र मी भिंतीवरून काढलं होतं. तिनं ते परत लावायला लावलं. चित्रातल्या जिन्याला कठडा एकाच बाजूला दिसतो, दुसरी बाजू झाकली गेली आहे. ती रोज विचारते आणि मी रोज म्हणते, दादाचं पत्र येईल.

कौसल्या


भोकरदन
१२ फेब्रुवारी १९७५

दादा,

२ तारखेचं माझं पत्र बहुतेक याच्या मागे-पुढेच तुझ्या हाती पडेल. दोन्ही एकदम आली तर आधी ते वाच, मग हे.

माय ८ तारखेला सकाळी गेली. मी तिला पेज पाजत होते. तिनं एक घोट घेतला आणि दुसरा ओठांवरून खाली आला. मी पदरानं पुसत राहिले, पुसत राहिले, शेवटी द्वारकाबाईनं माझा हात धरला.

मी पोस्टात गेले. तारमास्तरांना म्हटलं, आई वारली असं लिहा, पण या वेळेला खरंच वारली असंही लिहा. ते चष्म्यावरून बघत राहिले. "ताई, मेल्याच्या तारेत खरंच म्हून कोणी लिवतं का?" मला त्यांना कावळ्यापासून सगळी कहाणी सांगता येईना. तिथंच बाकावर बसून रडायला लागले. त्यांनी बिचाऱ्यांनी आपल्या हातानं नेहमीचा मजकूर लिहिला आणि तार केली. चार वर्षांपूर्वी मामाकडून गेला तोच मजकूर, आई वारली, निघून ये. नुसती तारीख वेगळी.

त्याच दिवशी तुझी चाचणी होती हे मला ठाऊक नव्हतं.

आम्ही तुझी वाट बघितली. मामा रोज जालन्याहून येणाऱ्या प्रत्येक एसटीला स्टँडवर जाऊन उभा राहायचा. तू एवढ्यात पोचू शकत नाहीस हे मी त्याला सांगितलं, तरी जायचा. आज मायच्या पाचव्या दिवसाच्या पुण्यानुमोदनाला सगळी गल्ली अंगणात जमली होती. वंदना झाली आणि पोस्टमन मच्छिंद्र फाटकातून आला. परदेशातली तार म्हणून त्यानं ती सायकल टाकून पळतच आणली. सगळे उठून उभे राहिले. मामानं मच्छिंद्राच्या हातातून घेऊन ती माझ्या हातात दिली.

तार इंग्रजीत. त्या अंगणात इंग्रजी वाचणारी मी एकटी. ८ तारखेची चाचणी यशस्वी झाली, सगळी माणसं उतरली. मायला सांग, कठडा दोन्हीकडून आहे. या वेळी रडलो नाही. कावळ्याला माझा नमस्कार.

तू वाईट वागलास असं मी म्हणणार नाही. एवढ्या गडबडीत तुला तिचा कठडा आठवला, तिच्यासाठी तू पैसे मोजून तेवढे शब्द वाढवलेस, आणि थट्टा केलीस म्हणजे तुझा राग गेला होता. इतक्या वर्षांनी तू तिला निरोप धाडलास. तो ती असताना आला असता तर तिनं साऱ्या भोकरदनला ऐकवला असता.

मामा म्हणाला, "काय म्हंतो गं पोरगा? निंगाला का?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तारेत काय आहे ते मी सांगितलं असतं तर तू त्या अंगणात कायमचा मेला असतास. आणि मामाला कळलं असतं की हे सगळं आपल्या त्या दोन पत्रांमुळे झालं.

मी म्हणाले, "लई रडून राह्यला म्हंतो. येतो म्हंतो."

"रडंलच ना माय," द्वारकाबाई म्हणाली, "लेकरू हाय." आणि बाया पुन्हा रडायला लागल्या. मामानं पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर पाणी प्याला.

मायला मात्र मी खरं सांगितलं. सगळे पांगल्यावर ती निजायची त्या जागी जाऊन बसले आणि म्हणाले, दोन्हीकडून आहे गं. मग भिंतीवरच्या चित्रात झाकलेल्या बाजूला पेन्सिलीनं तो काढला. वाकडा आला आहे, तू हसशील.

तुझी माणसं नीट उतरली याचा मला आनंद झाला, दादा. हे खोटं लिहीत नाही.

पण साऱ्या गल्लीसमोर मी तुझं रडणं सांगून बसले आहे. आपल्या घरानं इतकी खोटी सांगितली, त्यातलं हे शेवटचं. माय गेली. कावळा तेव्हाही नव्हता आणि आताही नाही. हे पत्र मिळालं की दार लावून घे, आणि माझं एवढं एक खोटं खरं कर.

तुझी
कौसल्या